जनुक तेच, वय वेगळं

यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, घाटंजी, मारेगाव, झरी जामणी या तालुक्यांत गोंड-परधानांची गावं आहेत, कोलामांचे पोड आहेत. पुसद-उमरखेडकडे आंध समाजाची वस्ती आहे. या भागात ‘पॅटर्न’ हा शब्द शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो. ‘माझा एएस पॅटर्न आहे’, ‘धाकट्याचा एसएस निघाला’ अशी वाक्यं दवाखान्याच्या ओट्यावर सहज कानावर पडतात. एएस म्हणजे वाहक; सिकलसेलचं जनुक आई किंवा वडील, कोणातरी एकाकडून आलेलं. एसएस म्हणजे दोघांकडूनही आलेलं, म्हणजे रुग्ण. आजार फक्त आदिवासींचा आहे असंही नाही. विदर्भात बौद्ध, तेली, कुणबी अशा समाजांतही तो आढळतो.

डॉ. रोशन कोलाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये भारतातल्या सिकलसेलचा आढावा घेतला. त्यात महाराष्ट्रातल्या आदिवासी जमातींमध्ये वाहकांचं प्रमाण शून्यापासून ३५ टक्क्यांपर्यंत बदलत जातं असं नोंदवलं आहे. परधान, माडिया, भिल्ल, पावरा, ओतकर यांच्यात ते २० ते ३५ टक्के आहे. पाच हजारांहून जास्त रुग्ण असावेत असा अंदाज ज्या जिल्ह्यांबद्दल आहे, त्यांत गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, नंदुरबार यांच्या जोडीने यवतमाळ आहे.

पाच हजार हा आकडा वाचून आपण पुढे जातो. पण हे पाच हजार कोणत्या वयाचे? आणि जे त्यात नाहीत, ते जन्मलेच नाहीत, की जन्मले आणि मोजणाऱ्याची वाट न बघता गेले? जनुकीय साथरोगशास्त्रातला सगळ्यात अवघड भाग या प्रश्नात आहे, आणि तो समजून घ्यायला यवतमाळसारखा दुसरा जिल्हा शोधावा लागत नाही.

आजाराचं मूळ अगदी नेमकं माहीत आहे. लायनस पॉलिंगने १९४९ मध्ये सिकलसेलला ‘रेणूचा आजार’ म्हटलं. पुढे व्हर्नन इन्ग्रॅमने दाखवलं की हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं, बस एवढाच फरक. त्या एका बदलामुळे प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दांडे बनतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. मग हाडं ठणकतात, प्लीहा निकामी होते, जंतुसंसर्ग जीवावर बेततो.

कार्यकारणाचा विचार करणाऱ्याला जनुकाचं एक मोठं आकर्षण असतं. इंग्रज संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९६५ मध्ये कारण आणि परिणाम यांचं नातं तपासण्यासाठी नऊ कसोट्या मांडल्या. त्यांतली एक टाळताच येत नाही, ती म्हणजे कारण आधी घडलेलं असलं पाहिजे. तंबाखू, खाणं, कीटकनाशक यांच्याबाबत ही कसोटी लावताना घाम फुटतो. आजारामुळे खाणं बदललं की खाण्यामुळे आजार आला, हे सुटता सुटत नाही. जनुकाचं तसं नसतं. ते गर्भधारणेच्या क्षणी ठरतं, त्यामुळे पुढच्या कुठल्याही आजाराच्या आधीचंच असतं. इथवर सोपं आहे, आणि फसगतही इथेच होते. कारण आधी आहे हे पक्कं झालं, म्हणून परिणाम कधी होतो, किती काळ टिकतो आणि कोणत्या वयात सर्वांत जास्त असतो, हे कळत नाही. एकाच थैलीतलं कपाशीचं बी मृगात पेरलं आणि श्रावणात पेरलं, तर बोंडं सारखी येतील असं यवतमाळचा शेतकरी म्हणणार नाही. जनुकाबद्दल मात्र शिकलेली माणसंही ‘परिणाम इतके टक्के’ असा एकच आकडा मागतात.

पहिलं उदाहरण तर पाळण्यातलंच. न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये नोंदवलं की सिकलसेलचं जनुक असलेल्या नवजात बाळांच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी फारच थोड्या दिसतात. त्यांनी कारण सुचवलं ते बरोबर निघालं. बाळ पोटात असताना त्याचं हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचं असतं, त्याला एचबीएफ म्हणतात. जन्मताना बाळाच्या रक्तात बहुतांश हेच असतं. त्यात बीटा साखळी नसते, म्हणून तिच्यातली चूकही नसते. उलट ते सिकलच्या रेणूंना चिकटू देत नाही. नंतरच्या महिन्यांत एचबीएफ ओसरतं, त्याची जागा प्रौढ हिमोग्लोबिन घेतं, आणि साधारण सहा महिन्यांनंतर आजार डोकं वर काढतो. जनुक पहिल्या दिवसापासून तेच होतं, त्याचा परिणाम सहा महिने उशिरा आला.

याचा रोजच्या कामात अर्थ असा की गावपातळीवर वापरली जाणारी साधी सोल्युबिलिटी चाचणी दोन महिन्यांच्या बाळावर केली, तर ती निगेटिव्ह येऊ शकते आणि बाळ एसएस असू शकतं. तान्ह्या बाळासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी लागते. ‘लहानपणी तपासलं होतं, काही नव्हतं’ असं एखादी आई सांगते तेव्हा तिचं खोटं नसतं. तपासणीचं वय चुकलेलं असतं.

एचबीएफचीच पुढची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि तिने आपल्याकडे बराच गैरसमज पसरवला. भारतात आढळणारं सिकलसेलचं जनुक बहुतेक वेळा ज्या गुणसूत्राच्या तुकड्यावर बसलेलं असतं त्याला अरब-भारतीय हॅप्लोटाइप म्हणतात. या तुकड्यामुळे मोठेपणीही एचबीएफ बरंच शिल्लक राहतं, आफ्रिकेतल्या बहुतेक रुग्णांपेक्षा जास्त. त्यातून निष्कर्ष निघाला की भारतातला सिकलसेल सौम्य असतो. तर्क सुसंगत होता, आणि दवाखान्यात दिसणारे रुग्णही त्याला दुजोरा देत होते: विशी-तिशीतले, शेतावर जाणारे, मधूनमधून दुखणं उसळणारे.

पण दवाखान्यात विशीतला रुग्ण कोण असतो? जो विशीपर्यंत पोचला तो. अंगणवाडीत जाण्याआधीच न्यूमोनियाने किंवा अचानक पांढरं पडून गेलेलं मूल त्या यादीत कधीच येत नाही. त्याच्या मृत्यूला सिकलसेल असं नावही कोणी दिलेलं नसतं, घरच्यांच्या लेखी ते तापाने गेलेलं असतं. अभ्यासात माणसं वाढल्या वयात शिरली आणि त्याआधी गळालेल्यांचा हिशेब धरला नाही, तर आजार आहे त्यापेक्षा सौम्य दिसतो. संख्याशास्त्रात याला डावीकडून कापलेली माहिती म्हणतात. काळाची रेघ डावीकडून उजवीकडे काढली, तर तिचा सुरुवातीचा तुकडा आपण पाहिलेलाच नसतो.

हा तुकडा पाहायचा तर जन्मापासूनच मोजावं लागतं. जमैकात १९७३ ते १९८१ या काळात किंग्स्टनच्या व्हिक्टोरिया ज्युबिली रुग्णालयात एक लाख बाळंतपणांमधली बाळं तपासली गेली आणि त्यांतली सिकलसेल असलेली मुलं ग्रॅहॅम सर्जंट यांच्या गटाने वर्षानुवर्षं डोळ्यांखाली ठेवली. तिथे दोन्ही बाजूंचे भ्रम गळाले. पहिल्या काही वर्षांत मुलं किती दगावतात हे दिसलं. आणि ज्यांना फारसा त्रासच होत नाही, जी एरवी दवाखान्यात आलीच नसती, तीही दिसली.

आपल्याकडे हे काम नागपूरला झालं. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेतले सहकारी यांनी गरोदरपणात सिकल निघालेल्या आयांची २१३४ बाळं जन्मताच तपासली. १०४ बाळं एसएस निघाली. २०१६ मध्ये त्यांचा पुढचा मागोवा प्रसिद्ध झाला. वेदनेचे झटके १०० व्यक्ती-वर्षांमागे ५९.७, रक्त चढवावं लागेल इतका रक्तक्षय ४५.१, तापाचं गंभीर आजारपण ४२.६. सहा एसएस बाळं लहान वयातच दगावली. याला सौम्य म्हणता येत नाही. एचबीएफ जास्त असलेल्या मुलांना वेदना आणि रक्तक्षय कमी, हेही दिसलं; म्हणजे मूळ तर्क चुकीचा नव्हता, तो ज्यांच्यावर पडताळला ती माणसं निवडलेली होती.

या अभ्यासातल्या दोन गोष्टींकडे नीट पाहायला हवं. २१३४ पैकी १०४ म्हणजे जवळजवळ पाच टक्के. पण हे नागपूरच्या सगळ्या बाळांचं प्रमाण अजिबात नाही, कारण फक्त सिकल निघालेल्या आयांचीच बाळं तपासली होती. दुसरी गोष्ट व्यक्ती-वर्षं. एखादं मूल दोन वर्षं पाहिलं तर ते हिशेबात दोन वर्षं देतं, सहा महिन्यांत गाव सोडून गेलं तर अर्धंच. ऊसतोडीला किंवा दुसऱ्या कामाला घर हलतं तिथे मुलांच्या संख्येवर टक्के काढले, तर न पाहिलेला काळही ‘झटका आला नाही’ म्हणून मोजला जातो. व्यक्ती-वर्षं मांडली की जेवढं पाहिलं तेवढ्याच काळाबद्दल बोललं जातं.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झालं. २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरू नये, हे उद्दिष्ट. शून्य ते ४० वर्षं वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी, हा मार्ग. वयाची ही अट समुपदेशनाच्या दृष्टीने योग्यच आहे. लग्न आणि मूल होण्याचं वय तेच. पण या तपासणीतून माहितीचा जो प्रचंड साठा तयार होतोय, तो वाचताना काळजी लागेल.

समजा, एखाद्या तालुक्यात पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये एसएस हजारात दहा सापडले आणि तिशी ओलांडलेल्यांमध्ये हजारात तीन. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत. या फरकाचा अर्थ काय? पहिला अर्थ मनात लगेच येतो: दहातले सात तिशीआधी मरण पावले. तो खरा असू शकतो. दुसरा अर्थ असा की आज तिशीत असलेल्यांच्या लहानपणी जे मृत्यू झाले ते त्या काळाचे होते आणि आजच्या मुलांच्या वाट्याला ते येणार नाहीत. तिसरा अर्थ, तिशीतले रुग्ण आधीपासूनच रुग्णाचं लाल कार्ड घेऊन बसले आहेत, म्हणून नव्या तपासणीला येतच नाहीत. चौथा, कामासाठी बाहेर गेलेले तरुण तपासणीच्या दिवशी गावात नव्हते. वय, काळ आणि पिढी अशी तीन घड्याळं एकाच वेळी चालतात, आणि एकदाच घेतलेल्या तपासणीत ती वेगळी करता येत नाहीत. आज पाच वर्षांचा असलेला २०२० च्या आसपासच जन्मलेला असणार, आज ३५ वर्षांचा असलेला १९९० च्या आसपासच. दोघांत वयाचाही फरक आहे आणि जन्मकाळाचाही, आणि दोन्ही एकमेकांना बांधलेले आहेत.

जन्मकाळाने खरंच फरक पडतो का? पडतो, आणि त्याचे पुरावे भक्कम आहेत. अमेरिकेत १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सिकलसेल असलेल्या लहानग्यांना रोज तोंडावाटे पेनिसिलिन दिलं. पेनिसिलिन घेणाऱ्या १०५ मुलांत दोघांना न्यूमोकोकसचा गंभीर संसर्ग झाला, न घेणाऱ्या ११० मुलांत तेरा जणांना. फरक एवढा स्पष्ट होता की चाचणी ठरल्यापेक्षा आठ महिने आधी थांबवली. मला जास्त महत्त्वाची वाटते ती १९९५ मधली पुढची चाचणी. पाच वर्षं पूर्ण झालेल्या मुलांपैकी निम्म्यांचं पेनिसिलिन चालू ठेवलं, निम्म्यांचं थांबवलं. दोन गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. औषध तेच, जनुक तेच, जंतूही तोच. पाचव्या वर्षाआधी जीव वाचवणारी गोळी नंतर तितकी गरजेची राहिली नाही. त्या औषधाच्या परिणामाला वयाची खिडकी आहे. न्यूमोकोकसची लस भारतात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर लागू झाली. म्हणजे १९८५ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याला जन्मलेल्या एसएस मुलाचं आयुष्य आणि २०२२ मध्ये तिथेच जन्मलेल्या एसएस मुलाचं आयुष्य, यांचं भाकीत एकाच तक्त्यावरून करणं चूक आहे. अमेरिकेत १९९४ मध्ये एसएस रुग्णांचं मृत्यूचं मध्यक वय पुरुषांत ४२ आणि स्त्रियांत ४८ वर्षं आलं. हा आकडा आजही आईवडिलांना घाबरवत फिरतो. तो त्याआधीच्या पिढ्यांचा आहे, त्यांच्या काळातल्या औषधांसह.

मेलेल्यांचा अंदाज घ्यायची एक जुनी आणि सुंदर युक्ती आहे. १९०८ मध्ये इंग्लंडात हार्डी आणि जर्मनीत वाइनबर्ग यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की लग्नं जनुकाकडे न बघता होत असतील, तर वाहकांच्या प्रमाणावरून रुग्णांचं प्रमाण निघतं. एखाद्या समाजात पाचात एक वाहक असेल तर नवराबायको दोघेही वाहक असण्याची शक्यता २५ मध्ये एक, आणि त्यांच्या मुलाला दोन्हीकडून जनुक येण्याची चारात एक. म्हणजे शंभर बाळंतपणांत साधारण एक एसएस. आता वयोगटानुसार प्रत्यक्ष मोजा. लहान मुलांत शंभरात एक सापडले आणि वय वाढेल तसे ते विरळ होत गेले, तर ‘न दिसणाऱ्यांची’ संख्या हातात येते. यात गोम आहे ती लग्नाच्या रीतीची. गोंड-परधानांत चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी कुळांची विभागणी आहे आणि एकाच देवसंख्येत लग्न होत नाही. त्याने जवळचं रक्त टळतं. पण मामाच्या किंवा आत्याच्या घरी लग्न करण्याचीही रीत आहे, आणि जवळच्या दहा-वीस गावांतच सोयरीक जुळते. त्याने अपेक्षित संख्या वाढते. ही रीत न समजता बाहेरून आलेल्या माणसाने सूत्र लावलं, तर मृत्यू कमीजास्त मोजले जातील. या हिशेबात जिल्ह्यातल्या जुन्याजाणत्या माणसांचं ज्ञान संख्याशास्त्राइतकंच कामाचं आहे.

आतापर्यंत एसएसबद्दल बोललो. एएसची गोष्ट आणखी विलक्षण आहे, कारण ते जनुक एवढं टिकलंच का याचं उत्तर त्यात आहे. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या कामातून दाखवलं की वाहकांना फाल्सिपेरम मलेरियापासून संरक्षण मिळतं. जंगलपट्ट्यात जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या मुलं नेत होता, तिथे हे जनुक वाढलं. तीव्र मलेरियापासूनचं संरक्षण सुमारे ९० टक्के आहे. साध्या मलेरियाबाबत मात्र केनियाच्या किलिफी भागात थॉमस विल्यम्स यांच्या गटाने २००५ मध्ये जे मांडलं, ते या विषयात मी सगळ्यांना वाचायला सांगेन. एएस मुलांना मिळणारं संरक्षण पहिल्या दोन वर्षांत अवघं २० टक्के होतं, दहा वर्षांच्या वयापर्यंत ते ५६ टक्क्यांवर चढलं, आणि त्यानंतर ३० टक्क्यांवर उतरलं. हे चढणं-उतरणं निव्वळ हिमोग्लोबिनच्या रसायनाने समजत नाही, कारण रसायन वर्षागणिक बदलत नाही. लेखकांच्या मते वाहकांच्या शरीरात मलेरियाविरुद्धची प्रतिकारशक्ती लवकर घडत असावी. दहाव्या वर्षानंतर इतर मुलांचीही ती तयार झाल्यामुळे फरक आटतो. म्हणजे हे जनुक एकटं काम करत नाही, ते अनुभवासोबत काम करतं, आणि अनुभव साठायला वर्षं लागतात. सगळ्या वयांची सरासरी काढली असती तर एक मधला आकडा आला असता आणि त्यातून काहीच कळलं नसतं.

आता यवतमाळकडे या. भारतात १९४७ च्या सुमारास वर्षाला साडेसात कोटी मलेरियाचे रुग्ण आणि आठ लाख मृत्यू होत असा अंदाज आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम आला, डीडीटी फवारलं गेलं, १९६५ पर्यंत रुग्ण लाखाच्या घरात उतरले. मग रोग उलटला. १९७६ मध्ये पुन्हा ६४ लाखांवर गेला आणि नंतर आटोक्यात आला. हे देशाचे आकडे आहेत, पण मलेरियाच्या पट्ट्यातल्या गावांवर या लाटा आल्या आणि गेल्या. एकाच घरात १९३५ मध्ये जन्मलेले एएस आजोबा, १९६५ मध्ये जन्मलेला एएस मुलगा आणि २००५ मधली एएस नात, तिघांचं जनुक अक्षरही न बदलता तेच. पण आजोबांना त्याने कदाचित जगवलं आणि नातीला त्याचा उपयोग जवळजवळ काहीच नाही. तिच्यासाठी उरला आहे तो लग्नाच्या वेळचा प्रश्न. फायदा काळाबरोबर गेला, जोखीम तशीच राहिली.

वाहकांना मलेरियापासून मिळणाऱ्या या संरक्षणाचा कार्यकारण शोधायला कसा उपयोग होतो, तेही किलिफीतच दिसलं. जनुकांची वाटणी आईवडिलांकडून सोडतीसारखी होते. कोणाला एएस मिळेल आणि कोणाला एए, म्हणजे सिकलच्या जनुकाविना, हे गरिबी, शिक्षण, खाणं यांवर ठरत नाही. म्हणून ज्या घटकाचा परिणाम मोजायचा, त्याच्याशी जोडलेलं जनुक घेऊन तुलना केली तर एक नैसर्गिक चाचणीच हाती येते. या पद्धतीला मेंडेलियन रँडमायझेशन म्हणतात. तिची कल्पना मार्टिन काटान यांनी १९८६ मध्ये लॅन्सेटला लिहिलेल्या पत्रात होती आणि २००३ पासून जॉर्ज डेव्ही स्मिथ व शाह इब्राहिम यांनी ती रुजवली. मलेरिया झालेल्या मुलांच्या रक्तात इतर जंतूंचा संसर्ग जास्त का आढळतो, हा प्रश्न होता. मलेरियामुळे, की दोन्ही गरिबीमुळे? २०११ मध्ये आलेल्या अभ्यासात एएस मुलांना अशा जंतुसंसर्गाचा धोका सुमारे एकतृतीयांश निघाला. सिकलचं जनुक जंतूंशी थेट लढत नाही, त्यामुळे हा फायदा मलेरिया टळल्यामुळेच असणार. शिवाय १९९९ ते २००७ मध्ये त्या भागात मलेरियासाठी दवाखान्यात दाखल होणं ८८ टक्क्यांनी घटलं, आणि त्याच्याबरोबर रक्तातला जंतुसंसर्ग ४४ टक्क्यांनी. जनुकाचा पुरावा आणि काळाचा पुरावा दोन वेगळ्या वाटांनी येऊन एकाच ठिकाणी भेटले. असं जमून येणं दुर्मीळ असतं.

या पद्धतीलाही वयाचा धोका आहे. मलेरियाच्या पट्ट्यात एए मुलांपैकी जी लहानपणी वाचली, ती बहुधा इतर कारणांनी दणकट असणार किंवा त्यांची घरं दवाखान्याजवळ असणार. एएस मुलं त्यांच्या जनुकामुळेही वाचली. मग चाळिशीतल्या एए आणि एएस माणसांची मधुमेहासाठी किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी तुलना केली, तर जन्माच्या वेळची सोडत तोवर बिघडलेली असते. निवड मृत्यूने केलेली असते, आणि ती कोणत्याही फॉर्मवर लिहिलेली नसते. ज्या भागात बालमृत्यू जास्त होते, तिथल्या वृद्धांवर केलेला प्रत्येक जनुकीय अभ्यास या प्रश्नाला उत्तर देऊनच पुढे गेला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी अडचण कालावधीची. जनुक आयुष्यभराचं असतं, गोळी काही वर्षांची. पीसीएसके ९ नावाच्या जनुकात बिघाड असलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकन लोकांवरचा अभ्यास २००६ मध्ये आला. त्यांचं वाईट कोलेस्टेरॉल २८ टक्क्यांनी कमी होतं आणि हृदयविकार तब्बल ८८ टक्क्यांनी. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांच्या, सरासरी पाच वर्षांच्या चाचण्यांमध्ये धोका घटतो तो याच्या कितीतरी कमी. दोन्ही खरं आहे. एकात जन्मापासून धमन्या स्वच्छ राहिल्या, दुसऱ्यात पन्नाशीत साफसफाई सुरू झाली. जनुकावरून निघालेला आकडा गोळीच्या जाहिरातीत छापला, तर ती फसवणूक होईल. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये सहा गावांतल्या स्त्रियांपासून सुरू केलेल्या मातृपोषण अभ्यासातून उलट बाजूचं उदाहरण मिळतं. २०१४ मध्ये त्यांनी, मैसूरच्या माहितीचीही जोड घेऊन, एमटीएचएफआर जनुक वापरून आईच्या रक्तातलं होमोसिस्टीन आणि बाळाचं वजन यांचं नातं तपासलं. इथे आईचं जनुक आयुष्यभराचं असलं तरी परिणाम मोजायची खिडकी नऊ महिन्यांची होती, म्हणून आकड्याचा अर्थ जास्त स्वच्छ लागतो.

सिकलसेलच्या उपचारात काळाची चूक सर्वांत सहज घुसते ती हायड्रॉक्सियुरियाच्या बाबतीत. ही गोळी एचबीएफ वाढवते, म्हणजे शरीराला त्याच्या पहिल्या सहा महिन्यांकडे थोडं परत नेते. १९९५ च्या अमेरिकन चाचणीत २९९ प्रौढांपैकी गोळी घेणाऱ्यांना वर्षाला मध्यक २.५ झटके आले, न घेणाऱ्यांना ४.५. नागपुरातही गंभीर त्रास असलेल्या मुलांवर कमी, ठरावीक मात्रेची चाचणी झाली आणि तिचा उपयोग दिसला. पुढे २००३ मध्ये त्याच अमेरिकन रुग्णांचा नऊ वर्षांपर्यंतचा मागोवा आला. ज्यांनी गोळी घेतली त्यांच्यात मृत्यू ४० टक्क्यांनी कमी. पण चाचणी संपल्यावर कोणी गोळी घ्यायची हे सोडतीने ठरलं नव्हतं.

हा तपशील का महत्त्वाचा ते असं पाहा. यवतमाळच्या एखाद्या नोंदवहीत एका मुलीचं निदान २०१२ मध्ये झालं आणि गोळी २०१६ मध्ये सुरू झाली, असं समजा. ती चार वर्षं ‘गोळी घेणारी’ या रकान्यात टाकली, तर त्या चार वर्षांत ती मरूच शकत नव्हती. मेली असती तर गोळी सुरू झालीच नसती आणि तिचं नाव दुसऱ्या रकान्यात गेलं असतं. या काळाला संशोधक ‘अमर काळ’ म्हणतात. तो गोळीच्या खात्यावर फुकट जमा होतो आणि औषध आहे त्यापेक्षा गुणकारी दिसतं. उपाय साधा आहे. २०१२ ते २०१६ ही वर्षं ‘गोळीविना’ या बाजूला आणि २०१६ नंतरची ‘गोळीसह’ या बाजूला, असे एकाच मुलीचे दोन तुकडे करायचे. हायड्रॉक्सियुरिया चांगलं औषध आहे याबद्दल मला शंका नाही. ते किती चांगलं आहे हे विदर्भातल्या मुलांबाबत सांगायचं असेल, तर हिशेब असाच करावा लागेल.

म्हणून गावपातळीवरच्या नोंदीत फक्त ‘एसएस’ एवढं लिहून भागत नाही. जन्मतारीख, पहिल्या तपासणीची तारीख आणि त्या वेळी वापरलेली चाचणी, गोळी सुरू झाल्याची आणि थांबल्याची तारीख, गाव सोडल्याची तारीख, आणि मृत्यू झाला तर त्याची तारीख, मग ते मूल दहा दिवसांचं का असेना. यांतली मृत्यूची तारीख सगळ्यात जास्त वेळा राहून जाते, कारण मेलेल्या मुलासाठी कोणी कार्ड काढत नाही. गावात झालेले पाच वर्षांखालचे मृत्यू आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांना माहीत असतात. त्या मृत्यूंची नोंद सिकलसेलच्या नोंदीशी जोडली, आणि त्या मुलांच्या आईवडिलांचे पॅटर्न पाहिले, तर डावीकडचा कापलेला तुकडा परत मिळवता येईल. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही. अभियान सुरू झालं त्या वर्षी जिल्ह्यात जन्मलेली मुलं २०४७ मध्ये २४ वर्षांची असतील. आजपासून ती जन्मवर्षानुसार वेगळी धरून ठेवली, तर तेव्हा त्यांच्यातले किती हयात आहेत हे अंदाजाने सांगावं लागणार नाही.